टिटवीचं विमान

प्रिय नलू आत्या,

पाया पडते. पाकिटावरचं अक्षर पाहून तू म्हणशीन, दोन सालात या पोट्टीनं एक ओळ नाही धाडली अन् आता एवढं जाड पाकीट कायले? घाबरू नको, घरी सारे धडधाकट हायत. बाबाचा गुडघा दुखते, मायची जीभ चालते, मी दहावीत आणखी एकदा नापास झाली. नवीन एकच हाय. आत्या, तू एका लढाऊ विमानाचं नाव ठेवलं. खरंच सांगून राह्यली, हासू नको. तुलेच माहीत नाही, पण ठेवलं तूच. आता तुले घरी यावं लागते, अन् तेच पटवाले मी लिहायले बसली.

झालं असं. दिवाळीच्या आधी रामधनच्या दुकानातून शेव आणली. पुडीच्या तेलकट कागदावर छापलं होतं, का सहा कंपन्या मिळून एक लढाऊ विमान बनवणार हायत. एक पंख करन, एक इंजिन, एक आतली मशिनरी. विमान अजून कागदावरच हाय, लाकडाचं हातभर सोंग तेवढं तयार झालं. पण नावावरून सहाही जणांचं जमेना. म्हणून लोकायले विचारलं, पोस्टकार्डावर नाव धाडा, अन् तेच नाव काहून ते पाच ओळीत लिहा. मी म्हटलं, वा! लेकरू अजून पोटातही नाही अन् बारशाची घाई. बाप सहा अन् आत्या एकही नाही.

माया स्वभाव तुले माहीतच हाय. पोस्टातून गठ्ठाभर कार्डं आणली अन् गावातल्या आठ जणायच्या नावानं धाडली. रामधनच्या नावानं 'भोंगा', कारण त्याची बायको त्याले तेच म्हणते. गुरुजीच्या नावानं 'छडीराम'. बाबाच्या नावानं 'डवरा', कारण तण काढाचा डवरा अन् बाबा, वावरात एकदा घातला का मागं वळून पाहत नाही. आठवं कार्ड तुया नावानं. त्यावर लिहिलं, 'टिटवी'.

हे वाचून तुया कपाळावर आठी पडली असन. पडू दे. पण पुढचं वाच.

दोन सालाआधी कपाशीचं नवं बियाणं विकाले जीप आली, तो दिवस माया डोक्यातून जात नाही. गाणे लावून आली, टोप्या वाटल्या, सारा गाव पिशव्या घ्याले रांगेत. तू एकटी वावरातून धावत आली अन् जीपच्या समोर हात पसरून उभी राह्यली. "आधी एक साल तुमच्या वावरात पेरून दाखवा, मंग आमच्या दारात या!" असा आवाज लावला का बैल बिचकले. अन् मागून कोणीतरी ओरडलं, "टिटिव टिटिव! पळा रे, टिटवी आली!" सारे हासले. नाव चिकटलं ते चिकटलंच. त्या साली अळीनं बोंडं पोखरली, तू म्हटलं तसंच झालं. पण लोकं काय म्हणे? टिटवी ओरडली म्हणून वाटोळं झालं. इंदूबाईनं तुले पाहून नातू पदराखाली लपवला, त्याच दिवशी तू घरी आली, पिशवी भरली अन् पुसदची बस धरली. तवापासून तू तिथं वसतिगृहातल्या पोरीयच्या भाकरी थापून राह्यली, अन् इकडे बाबा तुया खाटेवर कोणाले बसू देत नाही.

तर मागच्या सोमवारी भर दुपारी पांढरी जीप गावात शिरली, मागं फटफटीवर पेपरातला बातमीदार. आजकाल कर्जापायी कोणी जीव दिला का असे दोघं संगं येते, म्हणून काहून आले ते लोकं विचारत नाही. बाया पदर घेते, माणसं टोपी काढते अन् कोणाच्या दारी मयत झाली त्या दाराची वाट दाखवते. रामधन दुकान सोडून पुढं आला. "कोणाचं घर पाह्यजे साहेब? कवा झालं?"

साहेब म्हणे, "नलूबाईंचं."

 मायनं हातातली बादली सोडली अन् जो हंबरडा फोडला! "माई नणंद गेली वं! पुसदले एकटी गेली वं!" तुयासंगं मिठाच्या डब्यावरून भांडणारी माय, बरं! बाबानं डोक्यावरची टोपी काढली. इंदूबाई त साऱ्यायच्या वर रडे. साहेबाले घाम फुटला. "अहो, कोणी गेलं नाही! यांनी आमच्या विमानाचं नाव ठेवलं!" म्हणून त्यानं पेटीतून ते लाकडाचं विमान काढलं अन् वर धरलं. मायचं रडणं अर्ध्यातच थांबलं. "अरे बाप्पा, मंग आधी सांगता नाही येत काय!"

मंग पारावर बसून साहेबानं सारं सांगितलं. एका कंपनीले वाघ पाह्यजे होता, एकीले गरुड, एकीले वीज. ज्याचं नाव लागन तो मोठा ठरन, म्हणून बाकीचे पाच अडून बसत. तीन महिने हेच. मंग कोणीतरी तुयं कार्ड वाचलं. त्याच्यावर लिहिलं होतं, "टिटवी झाडावर घर करत नाही. उघड्या वावरात अंडे घालते. साप येवो, बैल येवो, माणूस येवो, आधी ओरडून सावध करते. नाही ऐकलं त तोंडावर झेपावते. अंडे सोडून पळताना तिले कोणी पाह्यलं नाही." एक म्हातारा पायलट हासाले लागला. म्हणे, धावपट्टीच्या कडेच्या गिट्टीत तिचे अंडे असतात, मी एवढा जेट उडवणारा, पण मले तिनं दोनदा पळवलं. दुसऱ्या कंपनीवाला म्हणे, आमच्याकडेही हाय. तिसरा म्हणे, आमच्याकडे त दोन हायत. नाव कोणाचंच नव्हतं अन् टिटवी साऱ्यायच्याच धावपट्टीवर होती. सहा मुंड्या पहिल्यांदा एका वक्ती हालल्या.

साहेबही कमी नव्हता. बाकीचे सात कार्डं खिशातून काढून विचारते, "'भोंगा' पाठवणारे रामधन कोण?" रामधनची बायको हासून हासून लोळाची बाकी राह्यली. मंग साऱ्यायनं अक्षर पाह्यलं अन् माया इकडे पाह्यलं. मी कापसाच्या गंजीवर चढून बसली, संध्याकाळी उतरली.

आता गल्लीतले पोट्टे हात पसरून टिटिव टिटिव करत उडते. इंदूबाईनं स्वतः नातवाचा हात विमानाले लावला, म्हणे, "आमच्या नलूचं हाय." बाबा त दिसन त्याले थांबवून सांगते, "माया बहिणीनं ठेवलं." गुडघा दुखते ते विसरून घाटंजीच्या बाजारापर्यंत सांगत गेलता.

सव्वीस जानेवारीले नागपुरात नावाचा कार्यक्रम हाय, तिथं त्या लाकडाच्या विमानावरचा कपडा तुले ओढाचा हाय. पण मी लिहिलं ते त्यासाठी नाही. साहेबानं विचारलं, या ओळी कोणाच्या? मी म्हटलं, आत्याच्या. खोटं बोलली. अन् त्याच्याहून मोठं खोटं दोन साल पोटात हाय. त्या दिवशी जीपच्या मागून "टिटवी आली" म्हणून ओरडलं ते रामधनचं पोट्टं नव्हतं. मी होती. तू त्याले समजून राह्यली अन् मी समजू दिलं. मले फक्त लोकायले हासवाचं होतं. तू जीपसमोर कशी उभी होती ते मी तवा पाह्यलंच नाही, नंतर रोज पाह्यलं. सात कार्डं मस्करीत धाडली, आठवं चारदा फाडून पाचव्यांदा लिहिलं. नागपुरात विचारतीन, हे नाव कोठून आलं. तुले वाटन ते सांग. मायं नाव घेतलं त मी साऱ्यायसमोर उभी राहून हो म्हणीन. पुढच्या गुरुवारी साहेबाची जीप तुले न्याले पुसदले येऊन राह्यली, मी तिच्यात हाय. आधी मले रट्टे दे, किती ते तू ठरव. मंग पिशवी पुरी भर, काही मागं ठेवू नको. नागपूरहून आपण सिध्या घरी जाऊ.

रट्ट्यायची वाट पाहणारी,
तुयीच
प्रेरणा