रॉकेटला लावलेला कान

प्रिय ताई,

रविवारी तू मैदानावर येणार नाहीस, हा निरोप भाचीकडून मिळाला. कारण म्हणे गुडघा. मागच्या खेपेला ऊन होतं, त्याआधी पाहुणे होते. गुडघ्याची मला खरंच काळजी वाटली असती, पण परवा जिन्यावरून कपाट उतरवताना तू हमालांच्याही पुढे होतीस, हे त्याच भाचीनं सांगितलं. घरभेद्यांपुढे कुणाचं चालत नाही. तर आता सरळच लिहितो. रॉकेट तयार आहे, उडवायची परवानगी आली आहे, आणि तू आली नाहीस तर मी ते उडवणार नाही. रुसून नाही म्हणत. तुझ्याशिवाय ते उडवण्याइतका मी शहाणा नाही, आणि तुझ्याशिवाय मला तिथे करमतही नाही.

आधी घरच्या बातम्या. रॉकेट यंदा माझ्या डोक्याच्याही वर वीतभर गेलंय. बैठकीच्या खोलीतल्या पसाऱ्यात मावत नाही म्हणून दारातून तिरकं ठेवलंय, येणारा-जाणारा त्याला ओलांडून जातो. मोठं पॅराशूट मी तीनदा उसवून शिवलं. तंबू शिवण्यात हयात गेली माझी, पण तंबूला फक्त उभं राहायचं असतं. याला हवेत हिसका बसतो, तेव्हा एकेका टाक्याची परीक्षा होते. छोटं पॅराशूट जुनंच आहे, त्याला फक्त नवी दोरी लावली. परसात बारूद भरून टोपण नळ्यापासून वेगळं होण्याची चाचणीही घेतली. टोपण असं उडालं की शेजारच्या काकांचा चहा सांडला. ते आता कुंपणापलीकडून नमस्कार करतात, अलीकडे येत नाहीत.

रंगाचं काम तुझ्या भावजयीनं अंगावर घेतलं. दुकानांच्या पाट्या रंगवणारी बाई, तिचा हात कोण धरणार? तीन हात दिले, वर चकाकी दिली, आणि मला हाक मारून म्हणाली, बघा आता, कसं नव्या नवरीसारखं दिसतंय. दिसत होतंच. मी कौतुकानं स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आतला उंचीमापक, म्हणजे अल्टिमीटर, चालू करायला गेलो, तर ज्या भोकातून स्क्रू-ड्रायव्हर आत घालायचा ते भोकच जागेवर नाही! आजूबाजूची सगळी भोकं गायब. विचारलं तर म्हणाली, कुणा अडाण्यानं ठिकठिकाणी छिद्रं पाडून ठेवली होती, मी पुट्टी भरून गुळगुळीत केली. मी कपाळावर हात मारला. बाहेरची हवा त्याच भोकांतून आत जाते, वर जाताना ती विरळ होते आणि त्यावरून अल्टिमीटर उंची ओळखतो, हे मी तिला समजावलं. भोकं बुजली की तो बिचारा आकाशातही जमिनीवरच बसलेला असतो, पॅराशूट उघडायची वेळ झाली हे त्याला कळतच नाही. ती ऐकून घेऊन म्हणाली, मग ताई इथे असत्या तर त्यांनी मला आधीच नसतं का सांगितलं? बरोबर आहे तिचं. तू इथे असतीस तर पुट्टीचा डबा उघडायच्या आत ओरडली असतीस.

लोकांना वाटतं, रॉकेट वर पाठवणं अवघड. तू त्यांना काय म्हणायचीस ते आठवतं ना? वर तर फटाकाही जातो, खाली कसं आणणार ते बोला. म्हणूनच तू दोन अल्टिमीटर घालायचा नियम केलास, दोघांची बॅटरी वेगळी, बारूदही वेगळी. एकानं दगा दिला तर दुसरा पॅराशूट सोडेल. आणि उडवण्याआधीचं शेवटचं काम तुझं. मी स्क्रू फिरवून दोन्ही अल्टिमीटर चालू करायचो, तू रॉकेटच्या नळ्याला कान लावून डोळे मिटायचीस. दोघंही आत टिट टिट करत असतात, एकावर एक. तीन टिट म्हणजे दोन्ही पॅराशूटच्या तारा जोडलेल्या, कमी वाजले तर काहीतरी सुटलंय. त्या गोंगाटातून तू दोघांचे आवाज वेगळे काढायचीस. रेडिओच्या नुसत्या घरघरीवरून आत काय बिघडलंय ते सांगणारा तुझा कान! वर्कशॉपमध्ये तुला सगळे उगाच वैद्यबाई म्हणत नव्हते. मला एकाचे मोजता येतात, दोघं एकदम ओरडले की माझी वरात निघते.

आता मागच्या मोसमाचं. ताई, इथे जरा सावकाश वाच. तू रॉकेटच्या पलीकडून कान लावलास, डोळे मिटलेस आणि थोड्या वेळानं अंगठा वर केलास. तेव्हा माझा स्क्रू-ड्रायव्हर अजून खिशातच होता. आत काहीच वाजत नव्हतं. मी तो काढला, स्क्रू फिरवले, तू पुन्हा कान लावलास, या वेळी बराच वेळ, आणि पुन्हा अंगठा दाखवलास. मी जमेल तसं मोजून घेतलं. नशीब बलवत्तर, रॉकेट सुखरूप उतरलं. सगळे माना वर करून टाळ्या वाजवत होते, आणि तू मात्र माझ्या हातातल्या स्क्रू-ड्रायव्हरकडे बघत होतीस. तुला कळलं होतं, मला कळलं होतं, आणि दोघांनीही घरी येईपर्यंत हवापाण्याच्या गप्पा मारल्या. त्यानंतरच तुझे पाहुणे, ऊन आणि गुडघा सुरू झाले.

म्हणून मी एक उद्योग केलाय, हसू नकोस. भंगारातल्या मोबाइलमधल्या थरथरणाऱ्या मोटारी काढल्या, दोन अल्टिमीटरांना दोन. एक नळ्याच्या डाव्या अंगाला, एक उजव्या. पहिल्यांदा मोटार सरळ टिट टिट करणाऱ्या बझरच्या तारांना जोडली, तर अल्टिमीटरनं धूर सोडून प्राण सोडला, नवा आणावा लागला. मधे मोटारीचा जादा करंट झेलणारा ट्रान्झिस्टर घालावा लागतो हे कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्यानं सांगितलं. तुला विचारलं असतं तर तो बिचारा वाचला असता. आता दोन्ही तळवे नळ्यावर ठेवले की वेगवेगळे तीन-तीन ठोके हाताला लागतात. तुझ्या भावजयीच्या कानांत कापूस कोंबून तिला ठोके मोजायला लावले, तिनं एकदाही चूक केली नाही. पण माझं सोल्डरिंग तुला माहीत आहे, लाह्या फुटल्यासारखं. उडताना ही थरथर उंचीच्या मापात घोळ घालील का, ती बंद कधी व्हायला हवी, हे मला काही उमगत नाही. ते बघणारं माणूस एकच आहे. तू हात लावून ठीक म्हटल्याशिवाय वात जोडायची नाही, हे मी मैदानप्रमुखांनाही सांगून ठेवलंय.

हे सगळं फोनवर सोडून मी पत्रात का लिहितोय, तेही सांगतो. गेल्या आठवड्यात मी तुला फोनवर म्हटलं, दाढ काढली, फार त्रास झाला. तू म्हणालीस, वा, छान झालं, सगळ्यांना माझे आशीर्वाद सांग. मी फोन ठेवून खूप हसलो, आणि मग हसू आपोआप थांबलं. तू आमच्यातून हळूहळू बाहेर चालली आहेस ताई, आणि जाताना सगळ्यांना हो हो म्हणते आहेस, कुणाला कळू नये म्हणून. मला ते सोसत नाही. डॉक्टरकडे कधी जायचं, कानात यंत्र घालायचं की नाही, ते तू ठरव, म्हणशील तेव्हा बरोबर येईन. पण ऐकू येत नाही म्हणून माझ्यापासून लपायचं नाही. रविवारी सकाळी गाडी घेऊन येतो. बेल वाजवत बसणार नाही. दार उघडं ठेव.

तुझाच,
शेंडेफळ