झिबलच्या नावाची पुडी

१४ ऑक्टो.
नागपूरच्या कॉलेजातली पोरगी आली, प्रनाली. चिन्नोर, आमचा वासाचा धान, तपासाले. गावात सारेच आपल्या धानाले चिन्नोर म्हनतात, खरा कोनाचा हे ती सांगनार म्हने. ज्याचा खरा निघन, पुढच्या साली साऱ्या गावानं त्याचीच बिजाई पेराची.
खरी तं माहीच हाय. सासूच्या हातची. चुलत दीर झिबल म्हनते त्याची. आमच्या धानाच्या बांध्या एकाच धुऱ्याले लागून. त्याच्या भाताले मी रोज नाव ठेवतो, तो रोज चिडते. हे गेले तेव्हापासून तेवढाच इरंगुळा हाय मले.
पन पोरगी उतरली कोनाकडं? झि. कडं. तिथंच जेवन, तिथंच झोपनं. हे काही बरोबर नाई.

१५ ऑक्टो.
ग्रा.पं. समोर पोरीनं समजावून सांगतलं. पान चुरडून पान्यात टाकाचं, गरम डब्बीत ठेवाचं, मंग कागदाची पट्टी बुडवाची. त्या पान्यात म्हने एक कैची असते, डोळ्याले न दिसनारी. चिन्नोरच्या जनुकाचा तुकडा सापडला तरच चालते, मंग पट्टीवर दुसरी लाइन येते. नाई सापडला तं गप.
मी म्हनली, "म्हंजे आमच्या ह्यांच्यावानी. मतलबाचं दिसल्याबिगर हात हालवाचा नाई."
सारे हासले. पोरगी बी हासली. झि. नाई.
मंग इचारलं, "बाई, कैची तं कापाची वस्तू. माह्या धानात काही कापून-जोडून तं नाई जानार तू?"
म्हने, "काकू, दुसरीकडे ह्याच कात्रीनं जनुक बदलतात, ते खरं आहे. इथं फक्त ओळख पटवायची. तुमचं पान माझ्या नळीत, तुमचं धान तुमच्या बांधीत."
बोलते गोड. झि. ची बायको कौसल्या तिले रोज अंडे खाऊ घालून राहिली. अंडे खाल्लेलं तोंड कोनाकडून बोलन?

१६ ऑक्टो.
ज्याचं त्यानं पाच जागची पानं तोडून पुडीत आनाची, वर नाव लिहाचं. झि. ले मोहाडीच्या बाजारात जाचं होतं. म्हने, "वहिनी, माही पानं बी तूच नेजो. धुऱ्यावरचं गवत नको भरजो फक्त."
येवढा भरोसा काहून? पोरीसंग आधीच बंदोबस्त झाला असन.
मंग मले एक सुचलं. माही पानं भरली झि. च्या नावाच्या पुडीत, त्याची माह्या. आता पोरगी लबाड असो का इमानदार, नाव झि. चंच घेईन. आन् त्या नावाखाली धान माहा. भर सभेत उठून म्हनतो, "बाई, त्या पुडीत कोनाचं पान हाय, इचार बरं." दोघाईचं तोंड पाहासारखं होईन.
कोनाले सांगतलं नाई. हासू दाबून दाबून पोट दुखलं.

१८ ऑक्टो.
पोरगी म्हने, "एकट्या शेवंताकाकूंची लाइन आली. झिबल काकांची नाही आली. दोनदा करून पाहिलं."
सारे टाळ्या वाजवून राहिले. मी उठली होती बोलाले, तशीच उभी राहिली. माह्या पुडीत तं त्याची पानं होती.
म्हंजे खरा त्याचा. माहा नाई.
झि. म्हनला, "जितली तू, वहिनी." आन् चप्पल न घालताच गेला.
पोरीले बाजूले घेतलं. "बाई, पन लाइन नाई आली त्या धानाले बी वास तं येते ना?" तिले वाटलं झि. साठी इचारून राहिली.
"वासाचे दुसरेही धान असतात, काकू. कधीतरी मिसळलं असेल."
लबाड असती तं बरं झालं असतं.

२६ नोव्हें.
मळनी झाली. बिजाईसाठी लोक येऊन राहिले. मी म्हनतो, वाळलं नाई अजून. मंग म्हनतो, उंदरं लागले. उद्या काय म्हनू?
मिसळलं कोनं? थ्रेशरवाल्यावर शक हाय, एका घरचे दाने दुसऱ्या घरी नेते. मंग सासूवर बी येते. ती माह्यापुढं कोठी कधी उघडत नोती.
काल भात रांधला. वास येते. कोनाचा येते मालूम नाई.

४ डिसें.
कौसल्या बोडीच्या काठावर धुनं घेऊन आली. म्हने, "आमचे हे औंदा बिजाई ठेवतच नाई म्हनतात. परवा सारं धान मिलवर. खाऊन टाकू, पुढच्या साली वहिनीकडूनच आनू."
म्हंजे गावातला खरा चिन्नोर परवा तांदूळ होनार. आन् माह्या कोठीतला साऱ्या बांध्याईत जानार.
सांगतलं तं झि. मरेपर्यंत चिडवन. चिडवाचं काम माहं हाय. नाई सांगतलं तं

५ डिसें.
गेली त्याच्याकडं. पोते शिवून राहिला होता.
"भाऊजी, दोन पोते मले दे. माहे दोन घे. बदली."
"काहून?"
"तुहा भात पोटाले हलका."
"आजपावतर तं नोता."
"म्हातारपनी जीभ बदलते."
सुई थांबली त्याची. माह्याकडं पाहून राहिला. येवढ्या वर्सात शक घ्याचं काम माहं, त्याले कधी जमलं नाई. आज जमलं. म्हने, "वहिनी, त्या दिवशी पुड्या तूच नेल्या होत्या ना?"
मी म्हनली, "पहिले चा मांडाले सांग कौसल्याले."
चा झाला. त्यानं पोतं शिवलं बी नाई, मले देलं बी नाई. म्हने, "मिलची गाडी सकाळी येते. त्याच्या आधी येऊन सांग, काहून पाहिजे. मंग पाहू."
घरी येऊन मनात बोलून पाहून राहिली, सांगाचं कसं. दरखेपेले सुरुवात मस्करीचीच निघते.