धूरच न्हाई तर धुराडं कशाला

आत्याबाई, काल तुमची नात अजिंक्यतारा चढून गेली. वाटेत कुठं टेकली नाही, पाणीसुद्धा वर पोचल्यावरच प्यायली. मी खाली गाडीत बसून तिची वाट बघत होते, तर वरून फोन करून सांगते, "आई, आपलं जुनं घर दिसतंय!" आता तिचेही केस पिकलेत, रंगवते म्हणून कळत नाही एवढंच. पण जिच्या छातीतली सूंसूं ऐकून तुम्ही दिवेलागणीला मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढायचात, तीच ही पोर. मुलांना हे सांगितलं तर "हो आई" म्हणतात आणि मोबाइलमध्ये बघतात. म्हणून तुम्हाला लिहायला बसले. जिंकलो आपण, आत्याबाई.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनतीन वर्षं झाली असतील, तेव्हा आपल्या साताऱ्याच्या घरात गॅस आला. मामंजींनी सिलिंडरला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, गल्लीतल्या बायका ज्योत बघायला आल्या. तुम्ही तेवढ्या दारातच थबकलात आणि म्हणालात, "निळा जाळ! ह्येच्या अंगात जीव तरी हाय का?" जन्मभर चुलीच्या धुरात तुमचे डोळे अधू झालेले, खोकला पाठीला लागलेला, तरी गॅसचं कौतुक म्हणून नाही. मी मात्र हरखले होते. फुंकणी गेली, भांड्याची काजळी गेली, आणखी काय पाहिजे? मामंजी तर फौजेतून सुभेदार होऊन आलेला माणूस, त्यांना अर्धवट काम खपायचं नाही. "धूरच न्हाई तर धुराडं कशाला?" म्हणत ते शिडीवर चढले आणि छतातलं धुराडं सिमेंटनं लिंपून टाकलं. मग एकदा वाऱ्यानं ज्योत विझली. विझल्या ज्योतीतून गॅस घरभर पसरतो, हे गॅस बसवणाऱ्यानं बजावलं होतंच, त्यामुळे खिडकीवरही फळी ठोकली. सुभेदारांनी ठोकलेला खिळा उपसायची घरात कुणाची टाप होती? गल्लीतल्या बायका म्हणायच्या, स्वैपाकघर कसं देवघरासारखं दिसतंय. मीही मान डोलवायची.

पावसाळ्यात दोन वर्षांच्या पोरीची झोळी शेगडीपासून हातभर अंतरावर टांगलेली असायची. मी भाकरी थापतेय, एका पायानं झोका देतेय, आणि ती झोळीतून खोकतेय. भिंतींना घाम सुटलेला, माझं डोकं ठणकतंय, डोळे चुरचुरतायत. डॉक्टरांनी औषधाची बाटली दिली, चार दिवस बरं वाटायचं, की पुन्हा तेच. एका रात्री तिचे ओठ काळेनिळे पडले आणि मला वाटलं, गेली. पुढं मी तिला घेऊन जतला माहेरी गेले. तिथं माझी आई लिंबाखाली, उघड्यावर, शेणी जाळून स्वैपाक करायची, आणि पोर मात्र आठवड्यात मेंढरांच्या मागं पळायला लागली. परत साताऱ्याला आले तर तिसऱ्या दिवशी सूंसूं सुरू. मी तुमच्यापाशी रडले, "आत्याबाई, धुराच्या चुलीपाशी बरी आणि बिनधुराच्या गॅसपाशी आजारी, हे कसलं नशीब?" तुम्ही भिंतीवरून बोट फिरवलंत, ओलं बोट नाकाशी नेलंत. "सकाळची फोडनी आजून हितंच हाय," म्हणालात. "तितं वारं हुतं, पोरी."

मी घाबरत मामंजींना खिडकीचं विचारलं. "आच विझली तर घर उडंल," एवढंच उत्तर.  दुसऱ्या दिवशी तुम्ही त्यांचा पाट सोप्यात मांडलाच नाहीत. जन्मात ते कधी स्वैपाकघरात जेवले नव्हते, ताट बाहेर जायचं आणि रिकामं आत यायचं. "आज आतच बसा, तव्यावरची वाढते," म्हणालात. ते बसले. तुम्ही मला पोरीला घेऊन अंगणात पिटाळलंत, दार ओढून घेतलंत आणि तव्यावर ओंजळभर हिरव्या मिरच्या टाकल्यात, खरड्यासाठी. मी खिडकीच्या फळीला कान लावून उभी. आतून ठसक्यावर ठसका.

"आगं, दार उघड!"

"आवं, आच विझंल की."

"मरतो मी हितं!"

"मिरची हाय म्हनून तुमाला कळलं. ती नसली तरी ह्या घरात जे पेटतं ते हितंच ऱ्हातंय. आमी रोज खातोय ते, आनी ती पोर बी."

आत्याबाई, काय तो तुमचा कावा! आता डॉक्टर सांगतात, त्या निळ्या ज्योतीतून न दिसणारे वायू सुटतात, कोंडलेल्या घरात साचतात आणि लहान पोरांच्या छातीला बाधतात. तुम्हाला त्यातलं अक्षर ठाऊक नव्हतं. दिसत नव्हतं ते तुम्ही मिरचीनं दाखवलंत. सुभेदार डोळे पुसत बाहेर आले आणि न जेवताच शिडी मागवली. संध्याकाळपर्यंत खिडकी मोकळी, शेगडीभोवती पत्र्याचा आडोसा. ज्योत पुन्हा विझली नाही. पोरीची धाप एकदम गेली नाही, पण दिवाळीपर्यंत ती ओसरीवर नाचत होती. सांगलीत मुलाच्या फ्लॅटमध्ये एसीसाठी खिडक्या बंद असतात, पण स्वैपाकघराची माझ्या हुकमतीत आहे. सून कुरकुरते आणि उघडते.

एक मात्र राहिलं. मामंजी शिडीवरून आपलंच सिमेंट फोडत होते, मी शिडी धरली होती. ते पुटपुटले, "नातीपायी घर फोडाय लावलंस." तुम्ही खालून म्हणालात, "नातीपायी न्हाई निस्तं. नात घटकाभर हितं आसती. सून दिसभर जाळापशी उभी आसती." वरून खपल्या पडत होत्या, म्हणून मी डोळ्यांना पदर लावला त्याचं कुणाला काही वाटलं नाही. तुम्ही मला उभ्या जन्मात कधी 'बरं केलंस' म्हणाला नाहीत, सणाचं लुगडंही रंग न विचारता द्यायचात. पण त्या एका बोलण्यावर मी तुमच्या घरात सुखानं नांदले. असं बोलून दाखवायची आपल्यात रीत नव्हती, म्हणून आज कागदावर.

पाठवायला पत्ता नाही. मिठाच्या बरणीखाली ठेवते, नाहीतर उडून जायचा. खिडकी उघडी आहे.