भैरवीनंतर

कलकत्ता, ८ डिसेंबर १९५८

तीर्थरूप बाबा, जमुनाचं डोकं तुमच्या पायावर.

मी मजेत आहे. हॉटेलात जेवण चांगलं मिळते. तुमचा उजवा हात आता पेटीवर फिरते काय? अकोल्यात थंडी पडली असंन.

नाटक कंपनीसाठी तुमी बांधलेली गाणी मी इथं जाझच्या बँडसंगं गाऊन राहिली. लोक नाचतात. चाल कोणाची, हे कोणीच विचारत नाही.

बँडमास्तरले तुमची भैरवी लई आवडली. तो रोज तिच्यापासूनच सुरुवात करते. भैरवीनं मैफल संपते, असं मी त्याले सांगितलं, तर तो हसला.

तुमी भैरवी झाली की पेटीचं झाकण लावत होते. मी मात्र मैफल संपल्यावरच रोज गायले लागते.

आईले हे वाचून दाखवू नोका. मले घरी बोलवा.

तुमची जमुना