पातीच्या बुडाचा रंग

७ मार्च, शुक्रवार

संपलं एकदाचं! चार दिवसांचं काम दोन दिवसांत. हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचं विमान नखशिखांत राखाडी केलं. पुढच्या आठवड्यात ते जहाजावर जाणार, आणि समुद्रावर हिरवं विमान म्हणजे पांढऱ्या चादरीवर झुरळ. साहेबांना घाई. घाई त्यांची, पाठ मोडली माझी.

लोकांना वाटतं, रंगारी म्हणजे भिंतींना चुना फासणारा. आमच्याकडे रंगाचंही वजन करतात. जे विमान चार नळ्या खाली वळवून हवेत जागच्या जागी उभं राहतं, त्याला अंगावरचा किलोभर रंगसुद्धा जड होतो. जुना खरवडल्याशिवाय नवा लावायचा नाही. पंचवीस वर्षांत या विमानाची तीन रूपं रंगवली मी – आधी ते ठेंगणं, मग शिकवायला दोन आसनांचं लांबनाकं, आता हे मोठ्या पंखांचं. तिघांनीही माणसं खाल्लीत. असो.

एक राहिलं. काचेच्या पुढे, नाकावर, वाऱ्याची पाती असते. बोटाएवढी, उभी, वारा येईल तशी फिरणारी. उतरताना वैमानिक तिच्याकडे बघून नाक वाऱ्याच्या तोंडावर धरतो. कडेनं वारा घुसला तर विमान कुशीवर वळतं आणि सावरायला वेळ देत नाही. फवारा मारण्याआधी पातीला चिकटपट्टी गुंडाळायची असते. गुंडाळली होती. पण बुडाशी सुटली, आणि काढली तेव्हा खाली राखाडी वळं. बोटानं हलवली. हलते, पण जराशी जड. आत्ता थिनरनं पुसायला जावं तर भोवतीचा ओला रंगही निघणार, सगळं नाक पुन्हा करावं लागणार.

नियमानं लाल चिठ्ठी लावायला हवी. लाल चिठ्ठी लागली की विमान जागचं हलत नाही. मग साहेब विचारणार, का? आणि पंचवीस वर्षांच्या रंगाऱ्यानं सांगायचं – माझी पट्टी सुटली! सोमवारी सकाळी रंग सुकलेला असेल, दोन मिनिटांत साफ करीन. उड्डाण मंगळवारी आहे. तोवर विमान कुठे पळतंय?

८ मार्च, शनिवार

धाकट्याचं नाव लिहिलं, खिडकीखाली. तुकडीतला सगळ्यांत लहान वैमानिक, म्हणून सगळे त्याला धाकटा म्हणतात. स्वतः येऊन शेजारी उभा. काका, अक्षर जरा मोठं काढा, बाबांना फोटो पाठवायचाय म्हणाला. बाबा घड्याळं दुरुस्त करतात – त्यांना बारीक दिसतं, मोठंच दिसत नाही! स्वतःच्याच विनोदावर हसला. बाकीचे वैमानिक मला 'अरे पेंटर' म्हणतात. हा काका म्हणतो.

पातीचं सांगावं असं ओठांवर आलं होतं. तेवढ्यात साहेब आले.

९ मार्च, रविवार

मेव्हणा आला होता पोरांना घेऊन. तो विमानांची शेवटची तपासणी करतो. काल संध्याकाळीच सही करून मोकळा झाला. म्हणाला, भाऊजी, आरशासारखं झालंय. त्याला मीच इथे चिकटवलं, त्याच्या सहीला आता माझ्यापेक्षा जास्त मान. पाती बघितलीस का, हे विचारायचं राहून गेलं. खरं सांगायचं तर राहून गेलं नाही, पोरांसमोर नको वाटलं.

१० मार्च, सोमवार

धाकटा गेला.

मी आठला पोचलो. विमान जागेवर नव्हतं. हवा चांगली आहे म्हणून साहेबांनी उड्डाण आजच घेतलं. थिनरची बाटली हातात घेऊन मी शेडच्या दारात उभा होतो. आठ चाळीसला ते उतरायला आलं. वेग उतरवत, उतरायच्या पांढऱ्या वर्तुळाकडे. मग नाक हळूच डावीकडे सरकलं. सरकलं ते सरकतच राहिलं. कुणी कोपऱ्यातून हाक मारावी आणि आपण वळून बघावं, तसं. आणि एकदम कुशीवर. वैमानिकाला बाहेर फेकणारी खुर्ची सुटली, पण आडवी सुटली.

पळालो नाही. सगळे पळाले, मी बाटलीचं झाकण लावत बसलो. झाकण बसेना.

११ मार्च, मंगळवार

विमान पडलं की आमच्याकडे एक काम रंगाऱ्याचं असतं. कुंपणापलीकडून फोटो काढतात म्हणून तुकडीचं चिन्ह, क्रमांक, नाव, सगळ्यावर एक हात मारायचा. चौकशीची माणसं उद्या येणार. साहेबांनी मला आजच पाठवलं. ब्रश, राखाडी रंग, थिनर, बोळे. पहारेकरी पाठ करून उभा होता, तोही पोरगेलाच, त्याला बघवत नव्हतं.

मधला भाग जळून गेलाय. नाक तुटून बाजूला पडलंय, जवळजवळ धड. त्यावर त्याचं नाव, मी लिहिलेलं, तीन दिवसांचं. ते झाकायला दोन हात लागले. पहिल्या हाताखालून दिसत राहिलं.

मग पाती बघितली. फुंकर मारली. फिरली. मोकळी! अगदी मोकळी. म्हणजे रंगामुळे नाही. म्हणजे माझ्यामुळे नाही. कालपासून पहिल्यांदा पोटात अन्न गेलं.

१३ मार्च, गुरुवार

चौकशीवाल्यांनी मेव्हण्याला तीन तास बसवलं. मला दहा मिनिटं. रंग कोणता, किती हात, पट्टी लावली होती का? लावली होती. खोटं नाही. पाती त्यांनीही तपासली, मोकळी आहे असंच त्यांच्या कागदावर आहे. झालं तर मग.

बायकोनं पँट धुवायला घेतली तर खिशात काडेपेटी. सिगारेट सोडून सहा वर्षं झाली, मग ही कशाला, म्हणाली. बारीक खिळे आहेत म्हटलं. उघडू लागली तेव्हा तिच्या हातातून हिसकावलीच. ती बघतच राहिली. तीस वर्षांत मी तिच्या हातातून काही हिसकावलेलं नाही.

१९ मार्च, बुधवार

थिनरचा वास सहन होत नाही. पंचवीस वर्षं ज्या वासात भाकरी मिळवली, त्यानं उमासे येतात. डॉक्टर म्हणतो, वय झालं.

२ एप्रिल, बुधवार

निकाल लागला. वैमानिकाची चूक. उतरताना नाक वाऱ्यावर ठेवलं नाही. यंत्रात दोष नाही, देखभालीत दोष नाही. सहा ओळी. साहेबांनी सगळ्यांना उभं करून वाचून दाखवल्या आणि कागदाची घडी खिशात घातली.

संध्याकाळी मेव्हणा केक घेऊन आला. दारातच मिठी मारली. म्हणाला, सुटलो भाऊजी. रडत होता. तीन आठवडे झोपला नव्हता तो. सहीचा कागद डोळ्यांसमोर यायचा, म्हणाला – काही बघायचं राहिलं का, काही राहिलं का? त्याला जवळ घेऊन थोपटलं मी. मी! बायको कृतज्ञतेनं बघत होती माझ्याकडे. माझा केक पोरांना देऊन टाकला.

४ एप्रिल, शुक्रवार

जिन्याच्या वळणावर तुकडीचा लाकडी फलक आहे, सेवेत जीव गेलेल्यांच्या नावांचा. अकरा नावं. त्यातली सात माझ्या हातची. बारावं लिहायला सोनेरी रंग कालवून ठेवला होता. साहेब म्हणाले, थांब. स्वतःच्या चुकीनं गेलेल्याचं नाव फलकावर जात नाही, जुना रिवाज आहे. त्यांनाही बरं वाटत नव्हतं, चष्मा पुसत बोलत होते. मी म्हटलं, बरं.

सोनेरी रंग फेकवेना. डबीत झाकून ठेवला. वर साय धरली आहे.

८ एप्रिल, मंगळवार

धाकट्याचे वडील आले होते. सामान न्यायला. एक बॅग, एक जोडी बूट, दाढीचं सामान. कार्यालयातल्या लोकांनी चहा दिला आणि जो तो कामाला लागला. मग ते विचारत विचारत माझ्या शेडमध्ये आले. हातात तो फोटो. नाव तुम्हीच लिहिलंत ना, म्हणाले. पोरगा बोलला होता तुमच्याबद्दल.

स्टूल दिलं. लहानखुरे, वाकलेले, शर्टाच्या खिशात भिंगाची डबी. फलकाचं त्यांना कळलं होतं. त्याबद्दल तक्रार केली नाही. चूक असेल तर असेल म्हणाले, मी घड्याळजी माणूस, मला विमानातलं काय कळतं? त्याच्या आईनं मात्र तेव्हापासून घरातली घड्याळं बंद करून ठेवलीत. टिकटिक ऐकवत नाही म्हणे. हे सांगून जरा हसल्यासारखं केलं. मी ब्रश धूत बसलो. धुतलेलाच होता.

मग म्हणाले, "एकच विचारतो. त्यानं पत्रात लिहिलं होतं, पुढे एक पाती असते, तिच्यावर भरवसा ठेवायचा, हाच पहिला धडा. ती कुणी बघितली का? घड्याळात तेलाचा एक थेंब जास्त झाला की काटा चालतो, पण मागे राहतो. बघणाऱ्याला वाटतं, आपण वेळेवर आहोत."

मी म्हटलं, "बघितली. मीच बघितली. मोकळी होती."

त्यांनी फोटो खिशात ठेवला. मग म्हणाले, "मग त्याचीच चूक."

एवढंच. उठले. दारात थांबून म्हणाले, नाव फार सुंदर काढलं होतंत तुम्ही. बॅग मी उचलू का विचारलं, तर नको म्हणाले, हलकी आहे. मी फाटकापर्यंत मागे मागे गेलो. का गेलो कोण जाणे. बसथांब्यावर बॅग मांडीवर घेऊन बसले होते. दोन बस गेल्या, चढले नाहीत. तिसरीत चढले.

९ एप्रिल, बुधवार

कामावर गेलो नाही. बायकोनं विचारलं, अंग दुखतंय का? हो म्हटलं.

१० एप्रिल, गुरुवार

११ मार्चला इथे लिहिलं ते खोटं आहे. या वहीशी मी एकदाच खोटं बोललो, ते तेव्हा. पाती फुंकरीनं हलली नाही. बोटानं हलली, अडकत अडकत, आणि सोडल्यावर तिथेच राहिली. मग मी थिनरच्या बोळ्यानं बूड पुसलं. तेव्हा फिरली. निघालेली खपली काडेपेटीत ठेवली होती, ती खाली चिकटवली आहे. राखाडी, नखाएवढी.

सकाळी बायकोला सगळं सांगितलं. तिनं विचारलं, माझ्या भावाचं काय? म्हटलं, त्याला काही माहीत नव्हतं, ९ तारखेचं पान साक्षीला आहे. लाल चिठ्ठी मी लावायची होती. ती उठली. मग आत जाऊन जाड पाकीट घेऊन आली.

त्यावर पत्ता घड्याळजींचा लिहिला आहे. ही वही साहेबांकडे न्यायची की नाही ते तेच ठरवतील. आधी त्यांनी वाचावं. त्यांना बारीक दिसतं.