माणकाची दांडी

आई, काल मी रेकॉर्ड प्लेअरच्या एका कार्ट्रिजला, म्हणजे सुईच्या डबीला, माणकाची दांडी बसवली. तांदळाच्या दाण्याएवढी लांब, टाचणीपेक्षा कितीतरी बारीक. रेकॉर्डवर फिरणारी सुई याच दांडीच्या टोकाला असते. तुला सांगायलाच हवं, कारण आपल्या घरात माणिक कुणाच्या अंगावर कधी आलं नाही, आलं ते तुझ्या नखांतून.

चिंचपोकळीच्या त्या कारखान्यात तू विजेच्या मीटरची चकती ज्यावर फिरते ते खडे घासायचीस. भट्टीत बनवलेलं माणिक, पण माणिकच. संध्याकाळी तू भाकरी थापायला बसलीस की तुझ्या नखांच्या कडा गुलाबी दिसत आणि शेजारच्या काकू चिडवत, "सावकारीण आली गो!" मला त्यातला एक दिवस फार आठवतो. पॉलिटेक्निकच्या वर्गात मी एकटी मुलगी. माझ्या हातून घड्याळाची केसाएवढी स्प्रिंग तुटली आणि सर म्हणाले, "तुम्ही स्वयंपाकघरच सांभाळा." मी घरी येऊन सांगते, उद्यापासून जाणार नाही. तू बांगडे तळतेयस. मागे वळूनही बघत नाहीस. "सोडतलंस? ह्याच हातान मासो तळतंय नि ह्याच हातान माणिक घासतंय. चुलीकडे ऱ्हवान माजे हात मोडले काय? जा गो, हात धू नि जेवूक बस." जेवले, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात गेले.

आता काळाचौकीच्या घरी खिडकीपाशी माझं दुरुस्तीचं टेबल आहे, घड्याळं नि रेकॉर्ड प्लेअरचं. पण मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून मी त्याच्यावर कापड टाकून ठेवलं होतं. डॉक्टर म्हणत होते, डोळा उत्तम आहे. माझाच विश्वास बसत नव्हता. सूक्ष्मदर्शकात बघायचं म्हटलं की हात मागे यायचा. मग दादरहून एक बाई आल्या, निवृत्त शिक्षिका. जुन्या प्लेअरची धूळ पुसताना त्यांच्या कार्ट्रिजची दांडी मोडली होती आणि त्या जातीची सुई आता बाजारात मिळत नाही. त्यांच्याकडे एकच रेकॉर्ड होती, छोटी. एका बाजूला त्यांच्या आईनं गायलेलं भजन.

"मूळची दांडी ॲल्युमिनियमची आहे," मी म्हटलं, "तसली माझ्याकडे नाही. माणकाची बसवू शकेन."

"माणिक? अहो, मला अंगठी नकोय, ऐकायचंय!"

मग मी त्यांना समजावलं. ॲल्युमिनियम किंचित लवतं, त्यात थोडा कंप हरवतो. माणिक लवत नाही, सुईला जाणवलेलं सगळं पुढे पोचवतं. नीलमही तसाच, दगड एकच, रंग तेवढा वेगळा. फक्त धक्का लागला तर माणिक वाकणार नाही, सरळ तुटेल. बाई म्हणाल्या, "बसवा. मी पुसणार नाही आता."

पहिली दांडी चिमट्यातच तुटली. मी उठले, चहा केला, पुन्हा बसले. दुसरी दांडी जुन्या दांडीच्या उरलेल्या पोकळ बुडख्यात अलगद शिरली. गोंदाचा ठिपका लावला आणि टोकाचा हिरा, म्हणजेच सुई, सरळ आहे का बघितलं. आई, मला त्याच्या कडा दिसत होत्या! ऑपरेशनच्या आधी वर्षभर इतक्या स्वच्छ दिसल्या नव्हत्या. मी एकटीच मोठ्यानं हसले.

आज बाईंच्या घरी जाऊन कार्ट्रिज लावून दिलं. त्यांची आई गायला लागली, जरा अनुनासिक, मधे एकदा श्वास घेतलेलाही ऐकू आला. बाई खुर्चीची पाठ धरून उभ्याच राहिल्या. "ती अशीच श्वास घ्यायची," एवढंच म्हणाल्या. निघताना त्यांनी शेजारच्या गृहस्थांचंही कार्ट्रिज माझ्या हातात दिलं. टेबलावरचं कापड मी घडी करून कपाटात टाकलंय.

संध्याकाळी हे सगळं लेकीला सांगत होते, तर तिनं विचारलं, "आजी कशी बोलायची गं?" मी तुझी वाक्यं म्हणून दाखवली, पण माझ्याच सपाट आवाजात. ती पोट धरून हसली, म्हणाली, "बातम्या देतेयस का?" मलाही हसू आलं. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून लिहिते: तुझे शब्द सगळे आठवतात, आवाज मात्र आता नीटसा आठवत नाही.