एकही तक्रार नसलेली गल्ली

दादा,

उद्या समितीसमोर तू सांगणार आहेस, की बाजारामागच्या गल्लीत वर्षभरात एकही तक्रार आली नाही, म्हणून तिथली पोलीस चौकी बंद करावी. माझ्याच संशोधनाच्या नकाशात ती गल्ली सुरक्षित दाखवली आहे, त्यामुळे तू निर्धास्त असशील.

काल संध्याकाळी मी खात्री करायला तिथे गेले. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. पलीकडच्या मोठ्या रस्त्याने मात्र आपली आई दुखरे गुडघे सांभाळत औषधाच्या दुकानाकडे निघाली होती.

"एवढा वळसा कशाला गं?" मी विचारलं.

"गल्लीत मागे माझी पर्स हिसकावली कुणीतरी. तेव्हापासून नाही जात. आम्ही कुणीच नाही जात."

"मग तक्रार का नाही केलीस?"

"अगं, पोलीस साहेबाच्या आईलाच लुटलं म्हटल्यावर तुझ्या दादाची काय अब्रू राहील?"

आता कळलं? जे लुटले गेले ते गप्प आहेत आणि बाकीचे तिकडे फिरकत नाहीत. याला आपण दोघं सुरक्षितता म्हणत होतो.

तू म्हणशील, घरातलं चव्हाट्यावर आणू नकोस. आणणार आहे. पत्र आज पाठवलं तर तू रात्रीच येऊन आईची समजूत घालशील, म्हणून ते माझ्याजवळच ठेवते. उद्या मी माझा नकाशा चुकल्याचं सांगेन. पुढचं आई सांगेल.

ती तयार आहे. फक्त म्हणाली, "जाताना मोठ्या रस्त्यानेच जाऊ."

तुझी,
कटकट